गिरणीत सत्ता कोणाची? मुंबई, १९२८

समाजवाद म्हणजे कारखान्यांचे सरकारीकरण, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. पण मालकी कोणाचीही असो, कामाच्या जागी हुकूम कोणाचा चालतो, हा प्रश्न त्याहून जुना आणि अधिक बोचरा आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत तो १९२८ साली उघडपणे विचारला गेला.

त्या काळी कामगाराच्या दृष्टीने खरा मालक म्हणजे जॉबर. भरती त्याच्या हाती, बदलीवाल्याला आज काम मिळेल की नाही हेही तोच ठरवी. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. गिरणीमालक त्यामानाने दूरचा देव!

कमी माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याचा मालकांचा डाव सुरू झाला आणि एप्रिल १९२८ मध्ये संप भडकला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. मे महिन्यात नोंदलेल्या गिरणी कामगार युनियनची, म्हणजे लाल बावट्याची, सभासदसंख्या वर्षअखेर ५४ हजारांवर गेली. डांगे, मिरजकर, जोगळेकर ही नावे आपल्याला ठाऊक असतात. मात्र युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते, हे फारसे सांगितले जात नाही.

संपानंतर गिरण्यागिरण्यांतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या. माझ्या मते हाच या इतिहासाचा गाभा. वर्गणी गोळा करणे, दंड किंवा बडतर्फीविरुद्ध दाद मागणे, तक्रार घेऊन थेट मॅनेजरपुढे जाणे, ही कामे समित्या करू लागल्या. जॉबरला वळसा घालून कामगार बोलू लागला, म्हणून मालकांइतकेच जॉबरही अस्वस्थ झाले.

परंतु हा 'कामगार' कोण? अधिक मजुरीचे साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि तेथे सवर्ण कामगारांना विटाळ आडवा येई. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्याच संपात पुढे आणला. मालकाविरुद्धची एकजूट साच्यापाशी येऊन अडखळत होती.

२० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या आरोपाखाली धरपकड झाली. आळवेही पकडले गेले. त्यानंतरचा १९२९ चा संप फसला आणि समित्यांचा जोर ओसरला. जॉबर मात्र आपल्या जागी राहिला.