विद्युत् उत्प्रेरक : सहयोगी संशोधन
विद्युत् अग्रावरील रासायनिक विक्रियेचा वेग वाढवणाऱ्या, पण स्वतः खर्च न होणाऱ्या पदार्थांची रचना व गुणधर्म ठरवण्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेले संशोधन. इंधन घटात ऑक्सिजनचे क्षपण मंद असते, म्हणून महागडे प्लॅटिनम वापरावे लागते. पर्याय शोधताना ऑक्सिजनचा पृष्ठभागाशी बंध किती घट्ट असावा हे संगणकीय गणित सुचवते, संश्लेषणातून पदार्थ घडतो आणि क्ष-किरण व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याची रचना उलगडतात. ही सारी कौशल्ये एका छताखाली क्वचितच आढळतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांच्या सहकार्यातून २०२० मध्ये हायड्रोजन इंधन घटावरील मोटारीची चाचणी झाली, ती अशा सहकार्याचे उदाहरण आहे.

सहकार्यात श्रेय विभागते व काम रेंगाळते, हा आक्षेप निराधार नाही. मात्र एकट्याची घाईही महागात पडते. आम्लातील मोजणीत परिपथ पूर्ण करणारा प्लॅटिनमचा सहायक अग्र किंचित विरघळून चाचणीच्या पदार्थावर साचतो आणि सामान्य पदार्थ उगाच उत्तम ठरतो. दुसऱ्या प्रयोगशाळेने ग्रॅफाइटचा सहायक अग्र वापरून फेरमोजणी केली, की ही चूक उघडी पडते. म्हणून येथे सहकार्य ही सोय नसून पडताळणीची अट आहे.