शिरूरच्या मुलींना कुणी विचारलं होतं?

गेल्या महिन्यात आत्याला एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिला विसरण्याचा आजार आहे. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'आवश्यक त्या सर्व उपचारांना संमती' असं छापलेलं. मी सही ठोकली. आत्या बाजूच्याच खुर्चीत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. परत येताना शिरूर आठवलं.

तरुण मित्रांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला मतिमंद (शब्द तेव्हाचा) मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली. कारण काय, तर पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही! अकरा शस्त्रक्रिया झाल्या, मग स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या थांबल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

यात खलनायक शोधू नका. करणाऱ्यांना आपण मुलींचं भलंच करतोय असं वाटत होतं, बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांनाही. पण मुली सरकारच्या ताब्यात, निर्णय सरकारचा, रुग्णालयही सरकारचं. मुलींच्या बाजूने 'नाही' म्हणणार कोण? पाळीत मदत करायला माणसं लागतात हो. माणसं नेमण्यापेक्षा अवयव काढणं सोपं वाटलं.

पुढे २००९ साली चंदीगडच्या सरकारी संस्थेतली बौद्धिक अपंगत्व असलेली एक तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मानलं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात नाही, असं सांगितलं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने असा गर्भपात गुन्हा ठरवला, पण तीव्र अपंगत्व असेल तर पालकाची संमती आणि डॉक्टरचं मत चालतं, ही फट ठेवूनच.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आणखी गंमतीचा. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला त्यात बंदी आहे. पण आजाराच्या व्याख्येत मतिमंदत्व धरलेलंच नाही. म्हणजे शिरूरच्या मुली त्या कलमाच्या बाहेरच!

काल आश्रमात गेलो. फ्लूची लस द्यायची होती. नर्सबाईंना म्हटलं, थांबा, विचारतो.

"आत्या, सुई टोचायचीय. चालेल का?"

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उजव्या हाताला नको. त्या हाताने मी जेवते."