परळचे गव्हर्नमेंट हाउस

परळ म्हटले की आपणा साहित्याच्या वाचकांना गिरण्यांचे भोंगे, चाळी, अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे आठवतात. याच परळात शंभराहून अधिक वर्षे मुंबईचे गव्हर्नर राहत होते, ही गोष्ट मात्र आपल्या स्मरणातून जवळपास पुसली गेली आहे.

ही वास्तू पूर्वी जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती काढून घेतली आणि १७७१ मध्ये गव्हर्नर झालेल्या विल्यम हॉर्नबीने तेथे मुक्काम केला. पुढे तेथील प्रार्थनामंदिराचे भोजनगृह झाले. १८२५ मध्ये आलेल्या बिशप हेबरने ही गोष्ट आपल्या रोजनिशीत आवर्जून टिपली आहे. इतर पाहुण्यांच्या घशाखाली घास विनासायास उतरत असावेत!

शहराबाहेरची मोकळी हवा हे परळचे मूळ आकर्षण. गिरण्या आणि वस्ती वाढत गेली तशी ती हवा उरली नाही. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा येथे पटकीने मृत्यू झाला आणि १८८५ मध्ये गव्हर्नरांचे बिऱ्हाड कायमचे मलबार पॉइंटला गेले. या स्थलांतराचे कारण म्हणून त्या मृत्यूकडे बोट दाखवले जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. पटकी चाळींतही होतीच. चाळकऱ्यांना समुद्रकाठचा दुसरा बंगला नव्हता, एवढेच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि राज्यकर्त्यांनी सोडलेल्या या घरात प्लेगचे रुग्णालय उघडले. १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिनची प्रयोगशाळा येथे आली. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. परळला तयार झालेल्या लसीच्या एका बाटलीतून १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला दूर केले गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे म्हणणे मान्य होऊन तो निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव दिले गेले. तेव्हा तो भारतात नव्हता.