कोल्हापूरची पेठ आणि विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें

व्यापार नफ्यासाठीं असतो हें खरें. परंतु त्या नफ्यांत समाजाचाही कांहीं वांटा आहे, ही समजूत आपल्याकडील पेठांत जुनीच होय. पश्चिम हिंदुस्थानांतील अडत्यांच्या वह्यांत ‘धर्मादाय’ नांवाचें खातें असे. प्रत्येक सौद्यामागें अल्पशी रक्कम तेथें जमा होई व तींतून पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ अशीं कामें चालत. एकट्या दुकानदारास जें झेपलें नसतें, तें पेठेनें मिळून साधलें. तथापि ही रक्कम पुष्कळदां शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जाई. पैसा एकाचा आणि पुण्य दुसऱ्याचें, असा तो व्यवहार होई.

कोल्हापुरांत या दानवृत्तीला शिक्षणाची वाट मिळाली ती शाहूमहाराजांच्या कारकीर्दींत. १८९५ सालीं त्यांनीं शाहूपुरी ही पेठ वसविली व गुळाच्या व्यापारानें ती भरभराटली. पुढें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच वर्षीं जैनांचें, १९०६ सालीं मुसलमानांचें, १९०७ सालीं लिंगायतांचें व १९०८ सालीं नामदेव शिंपी समाजाचें वसतिगृह स्थापन झालें. दरबारानें जागा व आर्थिक साह्य द्यावें आणि बाकीचा भार त्या त्या समाजानें उचलावा, अशी साधारण रीत होती. जैन व लिंगायत समाजांत व्यापारी पुष्कळ. शिंपी समाज तर कारागिरांचाच. खेड्यांतील मुलाच्या शिक्षणाचा भार अशा रीतीनें अनेक लहान हातांवर वांटला गेला.

परंतु ज्या समाजाचें पेठेंत दुकानच नाहीं, त्यानें वर्गणी कोठून आणावी? अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें, त्यास दरबारचाच मुख्य आधार होता. महाराजांनीं आणखी एक उपाय केला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास त्यांनीं चहाचें हॉटेल काढण्यास मदत केली, आणि स्वतः तेथें चहा घेऊन इतरांचा संकोच मोडला. १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर नर्सरी बागेंत त्यांचें स्मारक उभारण्यांत याच कांबळ्यांनीं पुढाकार घेतला. ज्याला पेठेनें बाहेर ठेविलें होतें, तोच धंदा हातीं येतांच सार्वजनिक कार्याचा भार वाहूं लागला.

२०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें. लहान दुकानदार त्या कायद्याबाहेर राहिला. त्याला जुनी वर्गणीचीच वाट मोकळी आहे. त्या वाटेनें जातांना वर्गणी कोणाच्या पदरची आणि वर्तुळाबाहेर कोण राहिलें, हे दोन प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासानें शिकविले आहेत.