मुलांची विज्ञानपुस्तके आणि अभनपूरचे शिवार

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत अडीच फुटी रुळांचा छोटा लोहमार्ग टाकला. त्याचा राजिमकडे जाणारा फाटा अभनपूर येथे फुटत असे. या मुलखात रुळांप्रमाणेच भाषांचेही सांधे जुने आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला. पुढे इंग्रजी राजवटीत मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिली, आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यकारभाराखाली होते. कचेरी, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे कालांतराने इथलीच झाली. त्यांच्या मुलांच्या कानांवर घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेतात छत्तीसगढी पडत राहिली. अशा मुलाला विज्ञान कोणत्या भाषेतून शिकवावे, तीन भाषांच्या गर्दीत त्याचा गोंधळ तर होणार नाही ना, ही पालकांची काळजी आजची नाही. मुलांसाठी मराठीत लिहिल्या गेलेल्या विज्ञानपुस्तकांचा इतिहास पाहिला, तर या काळजीचे बरेचसे उत्तर त्यातच सापडते. कारण हे वाङ्मय जन्मापासून भाषांच्या सांध्यावरच वाढलेले आहे.

त्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. हरि केशवजी यांनी इंग्रजीवरून सिद्ध केलेले ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव बोजड असले तरी त्यातील ‘संवाद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शास्त्र पाठ करण्यासाठी नसून विचारण्यासाठी असते, ही जाणीव त्या रचनेतच होती. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले आणि भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय विद्यार्थ्यांपुढे मांडले. त्या पिढीसमोर मोठी अडचण होती ती शब्दांची. ज्या वस्तूंना व क्रियांना मराठीत नावेच नव्हती, त्यांच्याविषयी मुलांशी बोलायचे कसे?

त्यासाठी संस्कृतातून शब्द घडवले गेले, बोलीतून उचलले गेले आणि परभाषांतून आलेलेही आपले मानले गेले. फारशीतून आलेली ‘दुर्बीण’ आणि संस्कृतातून आलेले ‘लोहचुंबक’ एकाच पाठात सुखाने नांदले. ‘प्राणवायू’ हा शब्द टिकला, कारण तो ऐकताच मुलाला त्या वायूचे काम कळते. हायड्रोजनसाठी योजलेला ‘उज्ज’ मात्र जुन्या पुस्तकांतच राहिला. कोणता शब्द जगेल हे अखेर वर्गातल्या मुलांनी ठरवले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाला चिकाटीची माणसे लाभली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांवर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. चरित्रे व कविता यांच्या जोडीला शास्त्रीय विषयांवरचे सोपे लेख त्यात येत. महाराष्ट्राबाहेर बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यात १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेल्या मुलांच्या हाती वाचावयास काही असावे म्हणून त्यांच्या आश्रयाने ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ निघाली. तिच्यातील छोटी पुस्तके मराठीत आणि गुजरातीत प्रसिद्ध झाली. दोन भाषांची मुले एका राज्यात शिकत होती. त्यांपैकी एकीला वगळावे असे त्या राजाला वाटले नाही.

याच काळात छत्तीसगढातून उलट्या दिशेने एक प्रवाह वाहू लागला. मराठी मातृभाषा असलेले व रायपुरात शिकलेले माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश करण्याचे हाती घेतले, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्र्यांनी केले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारा हा पुरुष ज्ञानाची ने-आण करताना स्वतःच्या भाषेपासून दुरावला नाही. दोन भाषांमध्ये वावरणे हे त्याचे बळच ठरले.

१९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध जाहीर केला. त्याच वर्षी पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. गो. रा. परांजपे यांच्यासारखे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक त्याच्या उभारणीत होते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनीच सामान्य वाचकासाठी मराठीत लिहावे, हा पायंडा या मासिकाने दृढ केला.

स्वातंत्र्यानंतर या कामाला संस्थांचे रूप आले. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. म्हणजे २०२६ मध्ये तिच्याही वयाची साठ वर्षे भरतात. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘बालभारती’ अस्तित्वात आली, आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिचे ‘किशोर’ मासिक मुलांच्या हाती पडले. गेल्या साठ वर्षांत मराठी माध्यमातून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांना ‘गुरुत्वाकर्षण’, ‘हरितद्रव्य’, ‘प्रकाशसंश्लेषण’ हे शब्द परके वाटत नाहीत, याचे श्रेय या शांतपणे चाललेल्या कामाला आहे. जयंत नारळीकर यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ मराठीत मुलांसाठी आवर्जून लिहीत राहिला, हे या पिढ्यांचे मोठेच भाग्य.

परंतु शब्द कळला म्हणजे वस्तू कळली असे होत नाही. या उणिवेवरचा एक महत्त्वाचा उपाय रायपूर ज्या मध्य प्रदेशात तेव्हा होते, त्याच राज्यात सापडला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुलांनी साध्या वस्तूंनी प्रयोग करावेत, शेतात व ओढ्याकाठी जावे, पाहिलेले लिहावे आणि उत्तर आपणच काढावे, अशी ती योजना होती. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने हे काम पुढे नेले. राज्य शासनाने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला. पण तोवर त्याचे बीज दूरवर गेले होते. त्या कार्यक्रमाच्या सहवासात घडलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यात ‘आयुका’च्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काडेपेट्या, सायकलच्या नळ्या आणि जुन्या कागदांपासून विज्ञानाची खेळणी केली. ‘एकलव्य’च्या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले. सप्र्यांच्या काळी मराठी माणसाने हिंदीला दिले, त्याची परतफेड जणू हिंदी मुलखाने मराठीला केली.

या इतिहासाच्या प्रकाशात अभनपूरच्या शिवाराकडे पाहिले, तर तिथल्या मुलाची स्थिती वेगळीच दिसू लागते. मराठी पुस्तकातला पळस त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडी ‘परसा’ असतो, अर्जुनसादडा ‘कौहा’ असतो, सालवृक्ष ‘सरई’ असतो. एकाच झाडाला इतकी नावे कशी, हा प्रश्न त्याला कोणी शिकवावा लागत नाही. याच प्रश्नातून १७५३ मध्ये लिनीअसने वनस्पतींना दोन पदांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. एकभाषिक मुलाला ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे पळसाचे शास्त्रीय नाव निव्वळ पाठांतर वाटते. तीन नावे ठाऊक असलेल्या मुलाला त्याची गरज पटते.

पाहण्यासारखे तर भोवती पुष्कळ आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण म्हणजे वनस्पतिशास्त्रातील अचूक निरीक्षण. एका देठावर तीन दले ही त्या पानाची रचना. त्याच पळसावर, कुसुमावर आणि बोरीवर एक इवलासा कीटक लाख तयार करतो. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकातून आलेल्या मुलाला सागवान ठाऊक असते. सालाचे खरे वन मात्र छत्तीसगढात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या वीस हजारांहून अधिक देशी वाणांचा संग्रह आहे. ‘भात’ हा एकच शब्द वाचून आलेल्या मुलाने हा आकडा ऐकला, की जैवविविधता म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

मारुती चितमपल्ली यांनी नेमके हेच केले. वनखात्याच्या सेवेत नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांत वावरताना त्यांनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे गोळा केली आणि ती मराठी गद्यात आणली. ती जंगले छत्तीसगढच्या सीमेपासून फार दूर नाहीत. २०२५ मध्ये महिनाभराच्या आतच नारळीकर आणि चितमपल्ली दोघेही गेले. एकाने मराठी मुलांना आकाश दाखवले, दुसऱ्याने रान. त्यांची पुस्तके कपाटात राहतील. त्यांच्या पुढचे पान कोण लिहिणार, हा प्रश्न मात्र मराठी शाळांतून शिकलेल्या प्रत्येकासमोर उभा आहे.

त्या पानासाठी मोठा निधी किंवा मोठी संस्था लागत नाही. एका झाडाचे चित्र. त्याची मराठी, छत्तीसगढी, हिंदी आणि शास्त्रीय नावे. त्याची पाने केव्हा गळतात, फुलांवर कोणते पक्षी येतात, गावात त्याचा उपयोग कोण करतो, एवढ्या नोंदी पुरेत. त्या मुलांनी वर्षभर घ्याव्यात, आजी-आजोबांना आणि शेतकऱ्यांना विचाराव्यात. कृषी, वन वा वैद्यक क्षेत्रांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या तपासून द्याव्यात. घरी मराठी बोलल्याने मूल विज्ञानात मागे पडेल, ही भीती पालकांनी तोवर बाजूस ठेवावी. हरि केशवजींच्या संवादांपासून आजवर या वाङ्मयाने जी मजल मारली, ती एकाहून अधिक भाषा जाणणाऱ्यांनीच मारली आहे.