आनंदवनातलं कॉलेज कुणी बांधलं?

आनंदवनाचं नाव निघालं की आपण चंद्रपूरकर लगेच कौतुकाने बोलायला लागतो. बाहेरचा पाहुणा आला तर ताडोबा आणि आनंदवन दाखवायचं, हे ठरलेलंच. पण आमटे कुटुंबाने आपल्याला नेमकं काय दिलं, असं विचारलं तर उत्तर 'कुष्ठरुग्णांची सेवा' इथंच थांबतं. मला हे उत्तर अर्धं वाटतं. कारण इथलं सगळ्यात मोठं देणं कुष्ठरुग्णांना मिळालेलं नाही, ते त्यांनी आपल्याला दिलेलं आहे.

1951 चं वरोरा डोळ्यासमोर आणा. बाबा आमटे म्हणजे जमीनदाराघरचा मुलगा, गावातले वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. ते सगळं सोडून साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये घेऊन गावाबाहेरच्या दगडधोंड्यांच्या माळावर जाऊन बसले. विहीर खणली, शेती केली, भाजी पिकली. पण ती घेणार कोण? महारोग्याच्या हातची भाजी म्हणून गाव तिला शिवायला तयार नव्हतं.

1954 साली 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे परदेशी तरुण आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या आणि तिथंच पिकलेलं खाल्लं. परक्या देशातल्या पोरांना काही होत नाही हे बघितल्यावर आपली भीती चेपली. आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायला आपल्याला बाहेरचे लोक लागले. ही गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1964 मध्ये, आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. ते बांधायला राबले कुष्ठमुक्त माणसांचे हात, बोटं झडलेले. शिकायला आली कुणाची मुलं? वरोऱ्याची, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची, म्हणजे ज्या घरांनी भाजी नाकारली होती त्यांचीच. पुढे कृषी महाविद्यालय आलं, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आल्या. दान माणसाला लुळं करतं, काम उभं करतं, असं बाबा मानायचे. त्यांनी रुग्णांना नुसतं घेणारं ठेवलं नाही, देणारं केलं.

बाकीचं देणंही याच जातीचं. मूल तालुक्यातल्या सोमनाथला दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरते आणि महाराष्ट्रभरची कॉलेजची पोरं आपल्या जंगलात येऊन माती खणतात. पु. ल. देशपांड्यांसारखी माणसं आनंदवनाची मित्र झाली. डॉ. विकास आमटे यांनी अंध, अपंग, कुष्ठमुक्त कलाकारांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. ज्यांच्याकडे लोक बघायचं टाळत, त्यांना ऐकायला आता लोक तिकीट काढून बसतात.

गडचिरोली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला 1982 मध्ये. त्याआधी, 1973 च्या डिसेंबरात, भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताई आमटे यांनी औषधाआधी माडिया भाषा शिकली, कारण त्याशिवाय पेशंट बोलणार कसा? 1976 मध्ये आश्रमशाळा निघाली. तिथून शिकलेली माडिया मुलं आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत.

आता हे सगळं आजच का लिहितोय? कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी कलमं या देशाच्या कायद्यातून निघायला 2019 साल उजाडलं. म्हणजे रोग गेला तरी मनातलं कलम काढायला वेळ लागतो. आणि आपल्याकडे दहा हजारांचा बाकडा दिला तरी त्यावर देणाऱ्याचं नाव ठळक रंगवलेलं असतं. ज्यांनी पिढ्या शिकवणाऱ्या भिंती उभ्या केल्या, त्यांची नावं मात्र आपल्याला सांगता येत नाहीत.

म्हणून एक विनंती. वरोरा परिसरात तुमच्या घरातलं, नात्यातलं कुणी ना कुणी या कॉलेजात शिकलं असेलच. वडील, काका, आत्या, कुणीही. आज जेवताना त्यांना विचारा, त्या भिंती कुणी बांधल्या होत्या? त्यांना ठाऊक असेल तर मुलांसमोर सांगायला लावा. ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. आनंदवनाला सहल काढण्याआधी एवढं झालं तरी पुष्कळ.