‘वन’ या शब्दाचे आकाशातून वाचन

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने सोडलेल्या उपग्रहाला पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळाले. तोवर भारतातील वनांचा हिशेब मुख्यतः वनखात्याच्या दप्तरात होता. दप्तरी जी जमीन ‘वन’ म्हणून नोंदली गेली, ती वन. तेथे झाड उरले आहे काय, हा प्रश्न दप्तराला पडत नसे. या हिशेबाने देशाची सुमारे २३ टक्के भूमी वन होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहचित्रे वाचली, तेव्हा १९७२-७५ या काळात वनाच्छादन १६.८९ टक्के आणि १९८०-८२ मध्ये १४.१० टक्के भरले. म्हणजे अवघ्या सात-आठ वर्षांत सुमारे ९० लाख हेक्टर वन नाहीसे झाले होते. परंतु १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ च्या पहिल्या अहवालात १९८१-८३ च्या चित्रांवरून सुमारे १९.५ टक्के हा आकडा दिला. काळ जवळजवळ तोच, वाचक मात्र निराळे. त्या चित्रांत हिरवी पालवी लाल दिसे, आणि लाल रंगाच्या छटांवरून दाट वन कोणते, विरळ कोणते, हे सरावलेल्या डोळ्यानेच ठरवावे लागे. साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण नवी वाटू नये. संहिता समोर असली म्हणून अर्थ हाती येतोच असे नाही.

पुढे यंत्राची नजर तीक्ष्ण झाली. पहिल्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान वन नकाशावर उमटत नसे. २००१ पासून एक हेक्टरही उमटू लागले. त्यामुळे आकड्यातील सगळीच वाढ झाडांची मानता येत नाही. काही वाढ केवळ नजरेची आहे. २०२३ च्या अहवालात वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. पण त्यामागची व्याख्या पाहिली पाहिजे. किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर किमान १० टक्के वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन. मग मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेही असो. या व्याख्येत कोकणातील आंब्या-काजूची बाग सहज बसते, आणि सह्याद्रीतील अर्ध्या हेक्टराची एखादी पुरातन देवराई बाहेर राहते.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, असे सांगितले. कायदा कोशाकडे वळला, उपग्रह टक्केवारीकडे. दोन्ही अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कोणते रान राखायचे हे या न जुळणाऱ्या अर्थांमध्येच ठरत असते.

म्हणून उपग्रहाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. २००८ पासून लँडसॅटचा सारा संग्रह विनामूल्य खुला आहे. जुनी साक्ष कोणालाही पुन्हा तपासता येते. चित्र आपल्यापुरते खरे बोलते. त्याला आपण कोणत्या शब्दाचा अर्थ विचारतो, ही जबाबदारी मात्र आपली आहे.